चोपन्न डावे पाय

पुरावेसाहेबांच्या दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात पत्त्यांचे इतके कॅट झाले होते, की कपबशांना शेवटी स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यामागे आसरा घ्यावा लागला. आणि त्यातला एकही कॅट सरळ नव्हता. सरळ म्हणजे चौकोनी. चौकोनी पत्ते काय, कुठल्याही दुकानात मिळतात, असं साहेब इतक्या तुच्छतेनं म्हणत, की ऐकणाऱ्याला आपल्या घराच्या खोल्या चौकोनी असल्याचीही लाज वाटे. त्यांच्याकडे गोल पत्ते होते, माशाच्या आकाराचे होते, बाटलीच्या, विजेच्या दिव्याच्या, कलिंगडाच्या फोडीच्या आकाराचे होते. एका दातांच्या डॉक्टरानं जाहिरातीसाठी काढलेले दाढेच्या आकाराचे होते, आणि त्यातल्या चारही राण्यांचे चेहरे ठणका लागल्यासारखे होते. एक कॅट सदऱ्याच्या आकाराचा होता, अर्ध्या बाह्यांचा.

आता ज्याच्या घरी एवढे पत्ते, तो माणूस खेळण्यात किती पोचलेला असेल, असं कुणालाही वाटणारच. साऱ्या इमारतीला वाटत होतं. कुणी "बसायचं का एक डाव?" म्हणून विचारलं की साहेब डोळे मिटून मंद हसत आणि म्हणत, "मी खेळत नाही." ते असं काही म्हणत, की विचारणाऱ्याला आपण थोडक्यात वाचलो असं वाटून तो पुढच्या मजल्यावर जाऊन ही गोष्ट आदरानं सांगे.

खरी गोष्ट अशी होती, की पुरावेसाहेबांना पत्ते खेळताच येत नव्हते. कुठलाच खेळ येत नव्हता. त्यांना पत्त्यांच्या कडा आवडत, कोपरे नसणं आवडत असे, पेटीवरचं सील आवडत असे. आत राजा आहे की गुलाम, ह्याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. ही गोष्ट जगात त्यांच्याशिवाय कुणालाही माहीत नव्हती, आणि बायकोला तर ती मरेपर्यंत कळू नये अशी त्यांची इच्छा होती. कारण बायकोचं माहेर म्हणजे पत्त्यांचा आखाडा. लग्नाआधी साहेब पहिल्यांदा त्या घरी गेले तेव्हा भावी सासऱ्यांनी विचारलं होतं, "पत्त्यांची आवड आहे का?" साहेब म्हणाले, "पत्त्यांशिवाय मला दुसरं काही सुचत नाही." शब्दाशब्दानं खरं होतं ते. सासऱ्यांचे डोळे भरून आले. तेव्हापासून सासुरवाडीला पत्ते निघाले की साहेबांचं पोट दुखायला लागे. तिथे त्यांच्या पोटाची मोठी काळजी करत.

बायको मात्र कपाटातल्या पत्त्यांना बोटसुद्धा लावत नसे. धूळ पुसायची झाली तरी, "अहो, तुमचे ते तुम्हीच पुसा," म्हणून फडकं हातात देई. माहेरी एवढे पत्ते पाहिलेली बाई, तिला आपल्या छंदाचं कौतुक वाटत नसणार, अशी साहेबांनी समजूत करून घेतली होती.

त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतंच उरलं होतं. विमा कंपनीत ते नुकसानभरपाईचे अर्ज तपासत, आणि समोरचा काहीही बोलला तरी पहिल्यांदा विचारत, "पुरावा काय?" एकदा एका बाईंनी फुटलेल्या आरशाचे तुकडे पिशवीतून आणून त्यांच्या टेबलावर ओतले. साहेबांनी एकेका तुकड्यात डोकावून पाहिलं, आणि प्रत्येकात आपला चेहरा स्वच्छ दिसत असल्यामुळे आरसा चालू स्थितीत आहे, असा शेरा मारून अर्ज फेटाळला. त्या दिवसापासून ते पुरावेसाहेब झाले. त्यांनाही ते नाव आवडत असे.

तर झालं असं, की दूरदेशीच्या एका संग्राहकाशी साहेबांनी अदलाबदल ठरवली. साहेबांनी जास्तीचा दाढेचा कॅट द्यायचा आणि त्यानं पावलाच्या आकाराचा. बुटांच्या कुठल्याशा जुन्या कारखान्यानं गिऱ्हाइकांना भेट म्हणून काढलेला हा कॅट होता. पाच बोटं, टाच, तळव्याची खोलगट कमान, सगळं जिथल्या तिथे. पत्त्याची खूण अंगठ्यावर छापलेली. असा कॅट आपल्या कपाटात आला की आपल्याला ह्या विषयातला जाणकार म्हणायला हरकत नाही, असं साहेबांनी स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं. वरच्या फळीवर त्यांनी जागासुद्धा करून ठेवली.

पार्सल शहरापर्यंत सुखरूप आलं, आणि पार्सल कचेरीत अडकलं.

ही कचेरी म्हणजे एक लांबलचक खोली. भिंतीला लागून लोकांची पार्सलं, मधोमध मोठा वजनकाटा, आणि वर पंखा. पंख्यानं कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर लोकांची छोटी पार्सलं ठेवलेली. टेबलामागे चष्म्याची दोरी गळ्यात अडकवलेल्या अधिकारीबाई, आणि त्यांच्या शेजारी शिक्का घेऊन बसलेले एक कारकून.

"वस्तूचं स्वरूप काय?" बाईंनी विचारलं.

"पत्ते," साहेब म्हणाले.

बाईंनी पेटी उघडली, एक पत्ता काढून टेबलावर ठेवला, चष्मा चढवला, उतरवला. "हे तळवे आहेत."

"तळवे?"

"बुटात आत घालतात ते. छापील. चोपन्न नग." त्यांनी कारकुनांकडे पाहिलं. कारकुनांनी दोनदा मोजून मान डोलावली. "आणि सगळे डाव्या पायाचे. उजवे कुठे आहेत?"

"उजवे नाहीत."

"तेच विचारतेय मी. उजवे कुठे आहेत?"

मग बाईंनी समजावून सांगितलं. हल्ली लोक फार हुशार झाले आहेत. डावे एका पार्सलातून मागवतात, उजवे दुसऱ्यातून. नुसता डावा म्हणजे निरुपयोगी माल, त्यावर कर नाही. नुसता उजवा, त्यावरही नाही. मग घरी बसून जोड्या लावतात. "तुमचे उजवे आले की दोन्ही एकदम घेऊन जा. तोवर हे इथेच राहतील."

"पण बाई, ह्यावर राजा आहे, राणी आहे, बदाम आहे, किलवर आहे."

"माझ्या नातवाच्या चपलेवर हत्ती आहे," बाई म्हणाल्या. "ती चप्पलच आहे."

साहेबांना क्षणभर ह्या बाईंचं कौतुक वाटलं. अशी माणसं आपल्या कंपनीत हवी होती. पण लगेच बाई म्हणाल्या, "पत्ते आहेत म्हणता, तर पुरावा काय?" हा प्रश्न समोरून आला की पोटात कुठे लागतो, हे साहेबांना तोवर ठाऊक नव्हतं. ते तसेच घरी आले.

इमारतीत बातमी त्यांच्याआधी पोचली होती. तळमजल्यावरच्या मावशी म्हणाल्या, "उजवे पण मागवून टाका की. जोडी झाली की बरं दिसतं." समोरच्या दारातल्या शेजाऱ्यांना सगळे 'आपलामाणूस' म्हणत, कारण जगातल्या यच्चयावत कचेऱ्यांत त्यांचा एक आपला माणूस असे. त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. पार्सल कचेरीतल्या आपल्या माणसाची बदली मत्स्यखात्यात झाली होती. "हरकत नाही," आपलामाणूस म्हणाले, "मासे लागले तर सांगा. पण मी म्हणतो, हे तळवे नाहीत हे सांगायचा अधिकार कुणाला? ज्याला तळव्यांतलं कळतं त्याला! कोपऱ्यावरच्या चप्पलवाल्याला घेऊन जा. तज्ज्ञ म्हणून."

बुडत्या माणसाला सल्ला देणाऱ्यांचं एक बरं असतं, ते स्वतः काठावर असतात. पण साहेबांना तेव्हा ही कल्पना नामी वाटली.

चप्पलवाला दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना तेल लावून हजर झाला. तज्ज्ञ ह्या शब्दानं त्याच्या अंगात वारं भरलं होतं. वाटेत साहेबांनी त्याला पढवलं, "एवढंच म्हणायचं, हे तळवे नाहीत." तो म्हणाला, "साहेब, घालून बघितल्याशिवाय मी बोलत नसतो. धंद्याची अब्रू आहे." कचेरीत पोचल्यावर त्यानं पेटीतला इस्पिकचा राजा उचलला, वाकवून पाहिला, हुंगला, आणि साहेब "अहो, अहो" म्हणेपर्यंत डाव्या बुटात सरकवून वर पाय घातला. मग तो कचेरीभर चालला. वजनकाट्यापर्यंत गेला, परत आला, दोन उड्या मारल्या. प्रत्येक पावलाला साहेबांच्या छातीत कळ येत होती. आत राजा वाकत होता.

"काय सांगू बाई तुम्हाला," चप्पलवाला भारावून म्हणाला, "टाचेला काय आधार आहे! असा तळवा सबंध बाजारात मिळायचा नाही. ह्यातले डझनभर मला देता का?"

"तज्ज्ञ तुमचाच," बाई साहेबांना म्हणाल्या, आणि लिहायला लागल्या.

साहेबांचा सगळा ताठा उतरला. कुणा अर्जदाराला जन्मात जमलं नसेल इतक्या काकुळतीनं ते म्हणाले, "बाई, पत्ते आहेत हो ते! ह्यांनी खेळतात!"

बाईंचा हात थांबला. "खेळतात?"

"खेळतात!"

"मग खेळून दाखवा. वस्तू काय आहे ते वापरावरून ठरतं. मी, हे कारकून, तुम्ही स्वतः, आणि तुमच्याकडचा एक जबाबदार माणूस. शुक्रवारी, जेवणाच्या सुट्टीनंतर. नाही जमलं तर तुमचे डावे पाय आले तसे परत जातील."

झाली का पंचाईत! खेळावं तर अब्रू जाते आणि न खेळावं तर पत्ते जातात. कुणाला विचारावं, तर विचारताच अब्रू जाते. शेवटी साहेबांनी कंपनीच्या स्वच्छतागृहात दार लावून मोबाईलवर रमीचे नियम पाठ केले. तेरा पत्ते हातात घ्यायचे, लागोपाठचे जमवायचे, आणि जमलेले जिवापाड जपायचे. बाहेर लोक दार वाजवत होते. साहेबांच्या पोटाची कीर्ती कंपनीतही पसरली.

चौथा गडी म्हणून त्यांनी आपल्यामाणसाला विचारलं. ते दोन पावलं मागे सरकले. "तुमच्याबरोबर खेळायचं? परक्या लोकांसमोर माझी शोभा करायची आहे का?" मावशी म्हणाल्या, "तुमच्यासमोर आम्ही काय पत्ते धरणार!" सबंध इमारतीत असा एक माणूस नव्हता जो साहेबांना घाबरत नव्हता. इतक्या वर्षांच्या मंद हसण्याचं हे फळ होतं.

"मी येते," बायको म्हणाली.

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "तू? तुला कशाला उगाच दगदग?"

"शुक्रवारी मला काही काम नाही," ती म्हणाली, आणि शुक्रवारी खरंच पर्स काखेत घेऊन त्यांच्याआधी दारात उभी राहिली.

कचेरीत टेबल मोकळं केलं होतं. कारकून दोन जोकर बाजूला ठेवून पत्ते पिसायला लागले, पण पावलांची बोटं एकमेकांत अडकत होती. एक एक्का उडून वजनकाट्यावर पडला आणि काट्यानं त्याचं वजन दाखवलं.

"कोणता खेळ?" कारकुनांनी विचारलं.

"रमी," साहेब ठसक्यात म्हणाले.

"सरकारी कचेरीत रमी?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "बदाम सात. मला तेवढाच येतो. नातवंडांबरोबर खेळून खेळून."

साहेबांचं सगळं पाठांतर फुकट गेलं. पण पत्ते हातात आले आणि त्यांना जरा धीर आला. बदाम छक्की, बदाम सत्ती, बदाम अठ्ठी, तिन्ही लागोपाठ! मोबाईलनं सांगितलं होतं तसंच. शिवाय ज्या पत्त्याच्या नावानं सगळा खेळ ओळखतात, तो पत्ता शहाणा माणूस हातचा जाऊ देईल का? त्यांनी सत्ती मधोमध खोवून वर बोट दाबून धरलं. ह्या गडबडीत शेजारी बायकोनं तेरा पावलं एका झटक्यात कशी सारखी करून पंख्यासारखी उलगडली, तिकडे त्यांचं लक्ष गेलं नाही.

"हं, बदाम सत्ती कुणाकडे आहे? टाका," बाई म्हणाल्या.

कुणीच काही टाकेना. कारकुनांनी मान हलवली. बायकोनं हलवली. बाईंनी स्वतःचे पत्ते पुन्हा पाहिले. साहेबांनीही मान हलवली, आणि डोळे मिटून मंद हसले.

"म्हणजे माल अपुरा आहे," बाई म्हणाल्या.

"मी दोनदा मोजलाय बाई!" कारकून टेबलाखाली वाकून शोधायला लागले.

बायको साहेबांच्या चेहऱ्याकडे पाहत होती. हे हसणं तिनं लग्नापासून पाहिलं होतं. ती हळूच म्हणाली, "अहो, टाका ना ती सत्ती."

साहेब तिच्या कानाशी वाकले आणि त्यांनी कुजबुजत विचारलं, "का?"

एवढंच. पण बदाम सात खेळायला बसून बदाम सत्ती का टाकायची असं विचारणारा माणूस जन्मात कधी पत्ते खेळलेला नसतो, हे कळायला दुसरं काही लागत नाही. बायको त्यांच्याकडे पाहतच राहिली. साहेबांना वाटलं, ही कचेरी आपल्याला एखाद्या पार्सलात घालून दूर कुठेतरी पाठवून देईल तर बरं.

बाईंनीही ते ऐकलं होतं. "मालकाला खेळता येत नाही?" त्यांनी लेखणी उचलली. "ज्याला खेळता येत नाही तो पत्ते कशाला मागवील? तो तळवेच मागवील."

साहेबांनी पत्ते छातीशी घट्ट धरले.

"येतं हो त्यांना," बायको शांतपणे म्हणाली. "चष्म्याचा नंबर वाढलाय, त्यांना बदाम आणि इस्पिक सारखंच दिसतं. आणा इकडे ते. ह्यांचे पत्ते मी खेळते. माझेही मीच खेळते." तिनं त्यांच्या हातातून तेरा पत्ते काढून घेतले आणि सत्ती टेबलावर ठेवली.

मग जे झालं ते साहेबांनी नुसतं पाहिलं. बायको दोन हातांत दोघांचे पत्ते धरून खेळत होती. कारकुनांकडे वाकलेला इस्पिकचा राजा आहे हे सगळ्यांनाच दिसत होतं, पण बाकीच्या कुणाकडे काय आहे हे तिला न दिसताही कळत होतं. किलवर सातापाशी अडलं. पुढे काही सरकेना.

"अठ्ठी दाबून बसलात तुम्ही!" बाई कारकुनांना म्हणाल्या.

"मी? तुम्हीच दाबलीय! मागच्या फेरीला उगाच पास म्हणालात!"

"मी अधिकारी आहे! मी उगाच पास म्हणेन?"

"रजेच्या अर्जालाही असंच करता तुम्ही! दाबून ठेवता!"

दोघंही उभी राहिली. पलीकडच्या खिडकीवरची माणसं रांग सोडून पाहायला आली. बाईंचा चष्मा दोरीवर लोंबत होता, कारकुनांनी शिक्का टेबलावर आपटला तो कुणाच्यातरी पार्सलावर उमटला. बायकोनं अगदी शेवटी, बाकीचे पत्ते संपवून, साहेबांच्या हातातली किलवर अठ्ठी अलगद टेबलावर ठेवली. दोन्ही हात मोकळे. पहिला नंबरही तिचा, दुसराही तिचाच.

बाईंनी चारही ओळी वरपासून खालपर्यंत पाहिल्या. मग बाई खाली बसल्या, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि म्हणाल्या, "पत्तेच आहेत. तळव्यांवरून माणसं एवढी भांडत नाहीत." त्यांनी कागदावर सही केली, पेटी पुढे सरकवली आणि जरा ओशाळून बायकोला विचारलं, "आणखी एक डाव?"

बसमध्ये बायको खिडकीबाहेर पाहत बसली. साहेबांच्या मांडीवर पेटी होती. सील फुटलेलं, राजा बुटाच्या वासाचा. इतके दिवस जिच्यासाठी जीव टाकला, त्या पेटीकडे त्यांना आता पाहवत नव्हतं.

घरी आल्यावर बायकोनं पर्स टेबलावर ठेवली. "रमी येते?"

"नियम पाठ आहेत."

"दुसरं काही? लहानपणी निदान भिकार-सावकार?"

"नाही."

"मग बाबांना तेव्हा काय सांगितलंत?"

"पत्त्यांशिवाय काही सुचत नाही, म्हणून. ते खोटं नव्हतं गं."

आता ही हसणार, माहेरी फोन करणार, मग सासरे हसणार, मेव्हणे हसणार, असं वाटून साहेबांनी मान खाली घातली. पण ती हसली नाही. ती खुर्चीवर बसली आणि कपाटाकडे पाहत बोलू लागली.

"माहेरी मला कुणी हरवू शकत नव्हतं. बाबासुद्धा नाही. तुम्ही आलात तेव्हा मला वाटलं, आता घरातच जोडीला तोडीचा माणूस मिळाला. आणि तुम्ही कधी एका शब्दानं म्हणाला नाहीत, ये, बस, एक डाव खेळू. मला वाटलं, मी तुमच्या तोडीची नाही. आपणहोऊन विचारायचं आणि तुम्ही ते तसं हसायचं, मला नको होतं ते. म्हणून मी हात लावायचंच सोडलं. घरात एवढं कपाट भरून पत्ते, आणि मी इतकी वर्षं ते नुसते काचेतून बघतेय, अहो!"

साहेबांना फार वाईट वाटलं. इतकं, की आपली फजिती झाली होती हेसुद्धा ते विसरले.  पेटी उघडून त्यांनी तिच्यासमोर टेबलावर ठेवली.

"शिकवशील?" ते म्हणाले.

बायकोनं पदरानं डोळे पुसले आणि पत्ते हातात घेतले. तिच्या हातात ती पावलं एकमेकांत अडकली नाहीत. "रमीच घेऊ. नियम पाठ आहेत म्हणताय ना. बसा."

तेरा त्यांना, तेरा तिला, बाकीचे मधे. साहेबांनी एक पत्ता उचलला आणि ते अडले. हातात चौदा डावे पाय, सगळे सारखेच महत्त्वाचे दिसत होते. त्यांनी एकदा हा काढून पाहिला, एकदा तो, आणि शेवटी सगळाच्या सगळा हात तिच्याकडे वळवून धरला.

"ह्यातला कुठला टाकू?"

"अहो! दाखवायचे नसतात!"

"तुझ्यापासून काय लपवायचं आता?"

 बायकोनं चष्मा लावला, पुढे वाकून चौदाही पत्ते एकेक करून, अगदी सावकाश पाहून घेतले, आणि एकावर बोट ठेवलं. "हा टाका."

साहेबांनी विश्वासानं तो टाकला. बायकोनं तोच उचलला, आपल्या पत्त्यांत खोवला, आणि सगळे पत्ते टेबलावर उलगडून ठेवले. "झाली माझी रमी," ती म्हणाली, आणि पोट धरून हसायला लागली. इतकं हसताना साहेबांनी तिला कधी पाहिलं नव्हतं.

"पुन्हा वाट," साहेब म्हणाले. आणि पत्ते वाटून होताच त्यांनी न विचारता आपला हात तिच्याकडे वळवून धरला.